कच्ची भाजणी

श्रवण केंद्रातून फोन येईल म्हणून धनराज ठेंगणे सतरा दिवस मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होता. येताजाता ज्येष्ठमधाची कांडी चघळत होता, माठातलं पाणी सोडून कोमट पीत होता आणि भट्टीजवळ जाताना नाकातोंडाला एकाऐवजी दोन फडकी बांधत होता. बायकोच्या कानात आयुष्यभर ज्याचा आवाज राहायचा, त्याने निदान एवढं तरी करायला हवं, असं त्याचं म्हणणं. आडनाव ठेंगणे, उंची सहा फूट, छाती भरदार, पण आवाज पार बसलेला. पंधरा वर्षं भाजणीघरातली भुकटी गिळल्यावर दुसरं काय होणार? फोन काही आला नाही. अठराव्या दिवशी बायकोच्या चकतीचा कागद थेट भट्टीवर आला, आणि त्यावर छापलेले तीन आकडे धनराजचे नव्हते.

गोष्ट दोन हजार त्रेचाळीस सालातली, भद्रावतीची. भद्रावतीला माती भाजणं काही नवं नव्हे. पण मडकी आणि बरण्या भाजणाऱ्या या गावात गेल्या काही वर्षांत एक वेगळीच वस्तू भाजली जाऊ लागली होती. तिचं नाव कर्णिका. तुरीच्या डाळीएवढी पांढरट चकती, कानामागच्या हाडात बसवायची. ज्यांची कानाची नस जवळजवळ मेली आहे त्यांना साधं श्रवणयंत्र कामाचं नसतं, कारण ते सगळ्या जगाचा गलका मोठा करून कानात ओततं आणि उरलीसुरली नस त्यात बुडून जाते. कर्णिका उलटी वागते. ती एकाच माणसाचा आवाज धरते. बोलताना प्रत्येकाचा आवाज तीन ठिकाणी, म्हणजे सेकंदाला अमुक इतकी कंपनं अशा तीन आकड्यांवर, दाटून येतो, आणि ही ठिकाणं ज्याची त्याची असतात. चकतीत तीन पापुद्रे, एकेक पापुद्रा एकेका ठिकाणाला जुळवलेला. तो आवाज आला की पापुद्रे थरथरतात, थरथरले की त्यांच्यातच वीज उपजते, आणि ती वीज नसेला टोचते. बॅटरी नाही, तार नाही. बाकी कोणी कितीही ओरडलं तरी चकती ढिम्म हलत नाही. ती एकदा हाडात रुजली की काढताही येत नाही, म्हणून आवाज निवडायचा तो एकदाच.

साहजिकच जिल्ह्यात एक नवा वाक्प्रचार रूढ झाला, आवाज ठेवणे. तुमच्या आईने कोणाचा ठेवला, हा प्रश्न लग्नकार्यात बिनदिक्कत विचारला जाऊ लागला आणि त्यावरून पंगतीतून माणसं उठून गेली. वरोऱ्याच्या एका म्हाताऱ्याने धाकट्याचा आवाज ठेवला, तर थोरल्याने वेगळी चूल मांडली. माजरीच्या एका बाईने बहिणीचा ठेवला, तर नवरा दोन महिने घरी जेवला नाही. शेवटी केंद्राने नियम केला. आवाज कोणाचा, हे रोग्याला ठाऊक आणि चकतीचं मिश्रण करणाऱ्या शास्त्रज्ञाला ठाऊक. भाजणीघरात फक्त आकडे जायचे. ज्याचा आवाज असेल त्याला केंद्रात बोलावून तासभर बोलायला लावायचे. तो माणूस हयात नसेल, तर जुनं ध्वनिमुद्रणही चालायचं.

चकतीचा स्वभाव दोन गोष्टींनी ठरतो, विरजणाने आणि भाजणीने. मूळ भुकटी बेरियम टायटनेटची. तिच्यात टायटॅनियमचा अणू आपल्या घरात मधोमध बसत नाही, जरा एका अंगाला कलून बसतो; त्यामुळे त्या घराची एक बाजू धन, दुसरी ऋण. बाहेरून वीज लावली की हा कल फिरवता येतो, आणि वीज काढून घेतली तरी तो फिरवलेला तसाच राहतो. अशा पदार्थांना फेरोइलेक्ट्रिक म्हणतात, त्यात लोखंडाचा कण नसला तरी. शुद्ध भुकटी मात्र आळशी. शंभरात एक, कधी हजारात दोन, अशा मापाने तिच्यात परका अणू मिसळावा लागतो. निओबियम घातलं की आतले कल सहज सरकतात आणि चकती हळवी होते, पण विजेची गळती वाढते. मँगनीज घातलं की गळती थांबते, पण हळवेपणही कमी होतं. कशाला किती, हे ठरवायच्या सुकेशनी रामटेके मॅडम. शास्त्रात याला डोपिंग म्हणतात. खेळाडूंच्या भानगडींनी तो शब्द बदनाम केलेला, म्हणून कारखान्यात सगळे विरजण म्हणत.

भाजणी म्हणजे सिंटरिंग. दाबून केलेली चकती तेराशे अंशांपर्यंत तापवायची, पण वितळू द्यायची नाही. कण एकमेकांना चिकटतात, मधली भोकं बुजतात, चकती आकसून घट्ट होते. विरजण तेच असलं तरी भाजणी बदलली की सगळं बदलतं. नीट भाजली तर तिच्यात वीज जास्त साठते, गळती कमी होते आणि ती हव्या त्या सुराला थरथरते. जास्त मुरली तर कण फुगून मठ्ठ होते. कच्ची राहिली तर भोकं राहतात, वीज साठते कमी, गळते जास्त, आणि तिचा सूर खाली उतरतो. भाजणीघराचा मुख्य धनराज होता. त्याच्या हातून आजवर एकही चकती कच्ची निघाली नव्हती, आणि हे तो न विचारता कोणालाही सांगत असे.

तर कागदावरचे आकडे होते एकशे सव्वीस, पाचशे तीस आणि सोळाशे चाळीस. धनराजने स्वतःचा आवाज कारखान्यातल्या आवाजमापीवर केव्हाच मोजून ठेवला होता. एकशे सोळा, चारशे अठ्ठ्याऐंशी, पंधराशे दहा. त्याने कागद उलटा करून पाहिला, रोगी क्रमांक पुन्हा वाचला. क्रमांक प्रणालीचाच होता. मग भट्टीच्या दारासमोरच्या स्टुलावर तो बसला, आणि अंगात जी आग भरली ती भट्टीची नव्हती.

प्रणाली त्याची बायको. लग्नाला एकोणतीस वर्षं झालेली, मुलगा हर्षल हैदराबादला. सोळा वर्षांपूर्वी तिला मोठा ताप आला आणि तापाबरोबर दोन्ही कान गेले; डाव्यात तेवढी एक बारीकशी वाट उरली. ती रडून-भेकून बसली नाही. ओठ वाचायला शिकली, दुकान-बाजार सांभाळला, मुलाला मोठं केलं. धनराजनेही तिच्याशी जुळवून घेतलं होतं. आवाज काढून उपयोग नाही म्हटल्यावर तो तिच्यासमोर नुसते ओठ हलवायचा. बाहेरच्याला वाटावं, या घरात नवरा-बायकोचा अबोला आहे. तसा तो नव्हता, निदान कागद येईपर्यंत तरी धनराजला तसं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो रामटेके मॅडमच्या प्रयोगशाळेत गेला. मॅडम काट्यावर निओबियमची भुकटी मोजत होत्या. त्याने इकडचं तिकडचं बोलून मग विचारलं, की त्या तीन आकड्यांचा माणूस कोण.

"नियम तर तुम्हाले माहीत आहे, ठेंगणेभाऊ," मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. "तुम्ही नीट भाजा फक्त. विरजण मी जीव लावून केलं आहे."

त्या हसण्यात त्याला कीव दिसली. सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे आणि आपल्यालाच नाही, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. घरी येऊन त्याने ओठ हलवून प्रणालीला सरळ विचारलं, कोणाचा ठेवला म्हणून. ती पोळीचं कणिक मळत होती. कळंल तुम्हाले, चकती जागी होऊ द्या, एवढंच ती म्हणाली, आणि तीही हसली. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. धनराजला आता जिकडेतिकडे हसणारी माणसं दिसू लागली.

आवाजमापीचं ॲप फोनमध्ये घालून तो गावभर हिंडला. दूधवाल्याला पाण्याबद्दल टोकलं आणि त्याचं भांडण मोजून घेतलं. न्हाव्याकडे दाढीला बसून त्याला राजकारणावर बोलतं केलं. प्रणालीचा मामेभाऊ नरेश वणीला राहतो, त्याला पाच वर्षांत पहिल्यांदा फोन करून वीस मिनिटं त्याच्या म्हशीची चौकशी केली. नरेशला इतका आनंद झाला की तो म्हैस घेऊन यायला निघाला होता. सख्ख्या भावाला मोजलं, मुलाला मोजलं, आणि लाज गुंडाळून ठेवून दिवंगत सासऱ्यांचं गृहप्रवेशाच्या वेळचं ध्वनिमुद्रित भाषणही मोजलं. अकरा आवाज झाले. एकही जुळेना. प्रत्येक न जुळणाऱ्या आकड्याबरोबर त्याला हायसं वाटायचं आणि घटकाभरात तो पुढचा आवाज मोजायला निघायचा, कारण कोणीतरी होताच.

बारावे निघाले बदखल सर.

अविनाश बदखल हे निवृत्त चित्रकला शिक्षक. नगर वाचनालयाच्या सभागृहात मंगळवारी आणि शुक्रवारी ते ओठवाचनाचा वर्ग घेत, आणि प्रणाली तिथे सोळा वर्षं जात होती. आधी शिकायला, नंतर नवीन बायकांना शिकवायला. साठीचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, सरळ भांग. विद्यार्थ्यांना ओठ स्वच्छ दिसावेत म्हणून त्यांनी तरुणपणीच मिशी काढून टाकली होती. सरांचे ओठ लई साफ वाचता येतात, असं प्रणाली एकदा म्हणाली होती, तेव्हा धनराजने ते ऐकून सोडून दिलं होतं. आता ते वाक्य त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. आपली बायको आठवड्यातून दोन दिवस, तासभर, परपुरुषाच्या ओठांकडे टक लावून बघते, हे त्याच्या आधी का लक्षात आलं नाही, याचंच त्याला नवल वाटलं. तो शुक्रवारी वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसला. सर त्याला पाहून खूश झाले, नवऱ्यांनी असं यायला हवं म्हणाले, आणि त्यावर पाच मिनिटं बोलले. आवाजमापीने दाखवलं, एकशे सत्तावीस, पाचशे सव्वीस, सोळाशे तेहतीस. एवढा फरक तर सर्दीनेही पडतो.

त्या रात्री जेवणाआधी धनराजने आरशासमोर उभं राहून आपली झुबकेदार मिशी कातरली. प्रणालीने ताट वाढताना पाहिलं आणि मिशी काहून कापली म्हणून विचारलं. त्याने ओठ हलवले, गरम होतं. तिने ते वाचलं आणि लोणचं वाढलं.

चकती भाजायचा दिवस सोमवार ठरला होता. रविवारी धनराज देवळात गेला, पण देवाला काय मागावं हे न कळून तसाच परत आला. त्याच्या मनात दोन धनराज भांडत होते. एक म्हणत होता, की ती तिची नस, तिचा कान, तिला ज्याचा हवा त्याचा आवाज ठेवू दे. दुसरा म्हणत होता, की तापात सतरा रात्री उशाशी कोण बसलं? तिच्या औषधांसाठी नागपूरच्या फेऱ्या कोणी केल्या? आणि आता ती आंधळ्यासारखी त्या गुळगुळीत ओठांच्या मागे जाणार, नि आपण त्याच घरात उरलेली वर्षं मुक्याने काढायची? पहिला धनराज शहाणा होता, पण दुसऱ्याचा आवाज मोठा होता.

आणि दुसऱ्याने हिशेबही करून ठेवला होता. त्या माणसाचे तिन्ही आकडे धनराजच्या आकड्यांपेक्षा सारख्याच प्रमाणात वर होते, शेकडा साडेआठाच्या आसपास. एका भाजणीत तिन्ही पापुद्रे एकदम खाली, आपल्या आकड्यांवर, आणता येतील, इतकं ते सोयीचं होतं. हे इतकं सोयीचं कसं, हा प्रश्न शांत डोक्याच्या माणसाला पडला असता. धनराजचं डोकं तेव्हा शांत नव्हतं.

अडचण होती ती साक्षीदाराची. प्रत्येक कर्णिकेबरोबर तिची एक जुळी चकती केली जाते. तेच विरजण, तोच दाब, आणि भाजतानाही दोघी एकाच झाकणाच्या डबीत, अंगावर त्याच भुकटीचं पांघरूण घेऊन. भाजून झाली की जुळी फोडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तिच्यात किती वीज साठते नि किती गळते ते मोजतात. खरी चकती मात्र निर्जंतुक कुपीत बंद होते आणि तिला कोणी हात लावत नाही. जी फुटते तिला साक्षीदार म्हणतात. दोघींना एकाच डबीत भाजायचं, हा या धंद्यातला पहिला धडा, आणि तो नवख्यांना धनराजच शिकवायचा.

सोमवारी सकाळी त्याने साक्षीदार मोठ्या भट्टीत ठेवली. तेराशे दहा अंश, चार तास, नियमाप्रमाणे. प्रणालीची चकती त्याने दुसऱ्या डबीत, कोपऱ्यातल्या लहान भट्टीत ठेवली. बाराशे पंचाहत्तर अंश, एक तास चाळीस मिनिटं. घड्याळाचा काटा तिथे आला तेव्हा त्याचा हात बटणाकडे जाईना. आणखी दोन तास वीस मिनिटं दिली असती आणि आच चढवली असती, तर चकती घट्ट, निर्दोष निघाली असती. त्याच्या हातांना तीच सवय होती. त्याला बदखल सरांचा सरळ भांग आठवला. त्याने बटण दाबलं. कच्ची चकती डबीतून निघाली तेव्हा ती दिसायला अगदी इतर चकत्यांसारखीच होती, जरा जास्त पांढरी.

संध्याकाळी रामटेके मॅडमनी साक्षीदार फोडली, आकडे पाहिले, आणि अशी भाजणी महाराष्ट्रात दुसरं कोणी करत नसेल, असं चार माणसांत म्हणाल्या. धनराजने मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

शस्त्रक्रिया नागपूरला झाली, अर्ध्या तासाचं काम. कर्णिका लगेच बोलत नाही. हाड तिच्याभोवती धरेपर्यंत पंधरा-वीस दिवस जातात, आणि ती जागी होते तेव्हा माणूस घरीच असतो. म्हणून लोकांत एक रीत पडून गेली होती. ज्याचा आवाज ठेवला असेल, त्याने रोज सकाळी पाठीमागून हाक मारायची. ज्या दिवशी हाकेला ओ मिळेल त्या दिवशी घरात गोडधोड. धनराज वाट पाहू लागला. बदखल सर एखाद्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून येतील, हाक मारतील, आणि प्रणालीच्या चेहऱ्यावरची रेषही हलणार नाही, हे दृश्य त्याने मनात इतक्या वेळा पाहिलं की त्याला चहाही गोड लागू लागला.

सर आले नाहीत. पण आठव्या दिवशी धनराज आंघोळ करून गच्चीवर टॉवेल वाळत घालायला गेला, तर प्रणाली पाण्याच्या टाकीआड उभी होती. तिच्या डाव्या कानाला फोन लावलेला, डोळे मिटलेले. बहिरी बाई, कानाला फोन. चाहूल ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता, पण त्याची सावली पायाशी पडली तसे तिने डोळे उघडले आणि फोन पदराखाली घातला. वाळवणाच्या मिरच्या बघायला आले होते, असं ती म्हणाली. गच्चीवर एकही मिरची नव्हती. धनराजने टॉवेल वाळत घातला, चिमटा लावला आणि जिना उतरला. आतापर्यंत त्याच्याकडे तीन आकडे होते. आता त्याने बायकोला चोरून कोणाचा तरी आवाज ऐकू पाहताना डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यानंतर रोज सकाळी ती गच्चीवर जायची आणि रोज सकाळी तो खाली बसून मनातल्या मनात म्हणायचा, ऐक, ऐक जेवढं ऐकायचं तेवढं, काही ऐकू येणार नाही तुला. असं म्हणताना त्याला बरं वाटायचं. मग दिवसभर आपली आपल्याला शिसारी यायची. कारखान्यात त्याने दोन चकत्या जास्त मुरवल्या.

सोळाव्या दिवशी, सकाळी आठच्या सुमाराला, प्रणाली स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून अंबाडीची भाजी निवडत होती. धनराज दारात उभा राहिला. कितीतरी वर्षांत तो तिच्याशी आवाज काढून बोलला नव्हता. त्याने घसा साफ केला आणि हाक मारली.

"प्रणाली."

तिच्या हातातली काडी तशीच राहिली. मग ती झटकन वळली, आणि तिची नजर त्याच्यावरून घसरून त्याच्या मागे, दाराबाहेर गेली.

"कोण आलं जी?"

"कोणी नाही. मीच आहो."

तिने त्याचे ओठ पाहिले, मग पुन्हा दाराबाहेर पाहिलं. बाहेर कोणी तरी आहे, मागून बोलून राहिलं आहे, असं ती म्हणाली. धनराजने दोन्ही हात पसरून पुन्हा सांगितलं, की मीच बोलतो आहे. ती उठून जवळ आली. वर्गात शिकवतात तसा तिने त्याच्या गळ्यावर तळवा ठेवला आणि त्याला काहीतरी बोलायला लावलं. त्याने अंबाडी, चहा, सोमवार, असे सुचतील ते शब्द म्हटले. तिच्या तळव्याखाली गळा थरथरत होता आणि तोच खरखरीत आवाज तिच्या कानात येत होता.

"हा तुमचा आवाज नाही," ती म्हणाली.

मग तिने पदराआडून फोन काढला. जुना, काच तडकलेला फोन. आणि मग जे बाहेर आलं ते साधंच होतं. साखरपुडा झाल्यावर धनराज सहा महिने बुटीबोरीच्या एका कारखान्यात होता. रोज संध्याकाळी तो तिला फोनवर बोललेला निरोप पाठवायचा. असे बेचाळीस निरोप तिने जपून ठेवले होते, एका फोनमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. केंद्रातल्या बाईंनी जुनं ध्वनिमुद्रण चालतं म्हटलं, तेव्हा तिने हेच दिलं, आणि नवऱ्याला बोलावू नका म्हणून सांगितलं. एके दिवशी त्याच्याकडे पाठ करून बसायचं आणि त्याच्या हाकेला ओठ न बघता ओ द्यायची, एवढीच तिची गंमत होती. चकती कधी जागी होते हे त्याच्या आधी आपल्याला कळावं, म्हणून ती रोज गच्चीवर जाऊन निरोप लावून पाहत होती.

तिचे कान गेले सोळा वर्षांपूर्वी. त्यानंतर वर्षाने धनराज भाजणीघरात लागला आणि हळूहळू त्याचा आवाज बसला. हे तिला कोण सांगणार? नवऱ्याचा आवाज घोगरा झाला, असं बहिऱ्या बाईला कोणी मुद्दाम येऊन सांगत नाही. आणि तो स्वतः तर तिच्यासमोर नुसते ओठ हलवत आला होता.

प्रणालीने निरोप लावला आणि फोन कानाशी धरला. मग फोनकडे पाहिलं, बोटाने दोनदा टकटक केलं, पुन्हा कानाशी नेला.

"लागून नाही राहिला का?"

लागला होता. स्वयंपाकघरात एक मोकळा, भरलेला, तरुण आवाज घुमत होता. प्रणाली, जेवली का गं? मी आत्ताच आलो ड्युटीवरून. इथं लाइट गेली आहे, डास लई चावून राहिले. तुझी आठवण येते म्हटलं तर हसशील, म्हणून म्हणत नाही. धनराजला क्षणभर तो आवाज ओळखू आला नाही. ओळखू यायच्या आधीच त्याच्या अंगात ती आग भरली, तीन आकडे पाहताना भरली होती तीच. आणि ओळख पटल्यावरही ती विझली नाही. हा पोरगा सोळा वर्षं तिच्या डोक्यात बोलत राहिला होता. ताप उतरल्यावर, मुलाच्या निकालाच्या दिवशी, आजारपणात, भांडणात, तिने धनराजचे ओठ पाहिले होते आणि ऐकलं होतं याला.

"विरजण चुकलं असंल मॅडमचं," प्रणाली म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "उद्या जातो नि सांगतो त्यांले."

धनराजला सांगता आलं असतं, की चकती नीट भाजली असती तर माझी हाक तुला मरेपर्यंत ऐकू आली नसती. कच्ची राहिली म्हणून तर मी तुझ्या कानात आहे. ते खरंही होतं. पण त्याने भट्टी तिच्यासाठी बंद केली नव्हती, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"विरजण नाही चुकलं," तो म्हणाला. "भाजणी कच्ची ठेवली मी. जाणून."

तिने हे कानाने ऐकलं. तरी खात्री करायला त्याच्या ओठांकडे पाहिलं.

"काहून?"

"मले वाटलं, दुसरा कोणी आहे."

प्रणाली हातातल्या फोनकडे पाहत राहिली, मग त्याच्याकडे. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"होता ना जी," ती म्हणाली. "तुम्हीच घालवला त्याले."

तिने फोन ओट्यावर ठेवला आणि खाली बसून उरलेली अंबाडी निवडू लागली. फोनमध्ये पुढचा निरोप आपोआप सुरू झाला होता. तो ऐकायला घरात धनराज एकटाच होता.